रेकॉर्ड संपते, मोबाइल संपत नाही

जुन्या रेकॉर्डना पुन्हा चांगले दिवस आले आहेत. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात एकेकाळी रद्दीसारख्या पडून असलेल्या तबकड्या आता पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, भाव करून विकल्या जातात. ही हौस फक्त इथली नाही. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम सीडीच्या रकमेहून जास्त झाली. १९८६ नंतर असे पहिल्यांदाच घडले. २०२२ साली तर नगांच्या हिशेबानेही रेकॉर्ड पुढे गेल्या. सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या, सीडी ३ कोटी ३० लाखांच्या आसपास राहिल्या. अर्थात तिथल्या संगीतविक्रीतल्या दर पाच रुपयांपैकी चारांहून अधिक आजही स्ट्रीमिंगमधूनच येतात, हेही विसरून चालत नाही.

या हौशीबरोबर एक जुना वादही परतला आहे. रेकॉर्डचा आवाज ‘उबदार’, मोबाइलचा ‘कोरडा’, असे एक पक्ष सांगतो. दुसरा पक्ष त्याला म्हातारपणाचे कौतुक म्हणून हसतो. दिवाणखान्यातल्या या वादात दोन्ही बाजूंना भरपूर रस असतो. मात्र सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाबाहेरच्या बाकावर हा वाद कधी ऐकू येत नाही. तिथे बसलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलाची तक्रार वेगळी असते. रात्री सगळे शांत झाले की कानात शिट्टीसारखा आवाज येतो, बंदच होत नाही. मित्र हॉटेलात काय बोलतात ते कळत नाही, नुसते हसून वेळ मारून न्यावी लागते. त्याच्या गळ्यात तेव्हाही इअरफोन लोंबत असतो.

रेकॉर्ड की स्ट्रीमिंग, या प्रश्नाचे उत्तर आवाजाच्या दर्जात शोधले तर ते अगदी किरकोळ निघते. कानाच्या आणि मनाच्या आरोग्यात शोधले तर ते मोठे आहे.

आवाज कोणाचा चांगला?

आधी दर्जाचा निकाल लावून टाकलेला बरा.

रेकॉर्डच्या एका बाजूवर एकच अखंड चर असते. बाहेरच्या कडेपासून लेबलापर्यंत ती गोल गोल आत जाते. लाँग प्ले रेकॉर्ड मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. २२ मिनिटांची बाजू धरली तर सुमारे ७३३ फेरे होतात, आणि ती चर उलगडून सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. या चरीच्या दोन्ही भिंतींवर आवाजाच्या लाटा कोरलेल्या असतात. सुई त्यावरून जाताना थरथरते आणि त्या थरथरीचा पुन्हा आवाज होतो. हे तंत्र इतके सुंदर आहे की पहिल्यांदा समजते तेव्हा कोणीही थक्क व्हावे.

पण ‘रेकॉर्डमध्ये आवाज जसाच्या तसा असतो’ हा समज खरा नाही. खर्जातल्या आवाजाच्या लाटा मोठ्या असतात. त्या तशाच कोरल्या तर चर इतकी रुंद होईल की एका बाजूवर फारसे काही मावणार नाही. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार वाढवतात. वाजवताना यंत्र त्याच्या बरोबर उलट करते. त्यातच, फेऱ्यांची गती तीच राहिली तरी सुईखालून चर सरकण्याचा वेग कमी होत जातो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला ५० सेंटिमीटरच्या आसपास असतो, लेबलाजवळ २० सेंटिमीटरवर येतो. त्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ किंचित फाटतात. धूळ, ओरखडे आणि झिजलेली सुई यांची भर वेगळीच. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांतले अंतर रेकॉर्डवर साधारण ६० ते ७० डेसिबल मिळते, सीडीवर ते ९६ असते.

डिजिटल आवाजाबद्दलचा गैरसमज याहून घट्ट आहे. सीडीच्या पद्धतीत आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते. ‘म्हणजे मधला आवाज गळाला, उरल्या त्या पायऱ्या’, असे अनेकांना वाटते. गणित तसे सांगत नाही. एखाद्या लाटेची सर्वांत जलद कंपने जितकी असतील त्याच्या दुपटीहून अधिक वेळा ती मोजली, तर मूळ लाट त्या आकड्यांतून पुरती परत बांधता येते. माणसाचा कान अगदी तरुणपणी सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. ४४,१०० च्या निम्मे २२,०५०. म्हणजे ऐकू येण्यासारखे सगळे त्यात आले. वय वाढते तशी वरची कंपने ऐकू येईनाशी होतात. पन्नाशीनंतर १४,००० च्या वरचे ऐकणारा माणूस विरळाच. उंची यंत्रे परवडण्याचे वय येते तेव्हा त्यांतला वरचा भाग ऐकणारा कान निघून गेलेला असतो, ही निसर्गाची थट्टाच.

नुसत्या कानावर विसंबून, काय वाजते आहे हे न सांगता घेतलेल्या चाचण्याही हेच दाखवतात. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी अतिउच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जाला उतरवलेले, असे दोन्ही ऐकवून ५५४ वेळा ओळखायला लावले. बरोबर उत्तरे आली २७६, म्हणजे नाणे उडवून आली असती तितकीच. २०१६ साली अशा अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ओळखण्याचे प्रमाण निम्म्याहून किंचित वर, ५२ टक्क्यांच्या जरा पुढे निघाले. फरक असलाच तर तो एवढासा आहे. २०२२ साली तर एक गंमतच झाली. ‘आमच्या रेकॉर्ड मूळ टेपवरून थेट कोरलेल्या’ अशी ख्याती असलेल्या अमेरिकेतल्या एका कंपनीच्या अनेक रेकॉर्डमध्ये मधली एक पायरी डिजिटल होती, हे उघड झाले. जगभरच्या दर्दी मंडळींनी त्या वर्षानुवर्षे मिटक्या मारत ऐकल्या होत्या. कोणाच्याही कानाने चोरी पकडली नव्हती.

तेव्हा उबदारपणा खोटा नाही, पण तो सुईच्या, यंत्राच्या आणि आठवणीच्या रंगाचा आहे. तो आवडावा, त्यासाठी पैसेही खर्च करावेत. त्याने कान वाचतो किंवा बिघडतो, असे मात्र नाही. कानाशी संबंध असलेली गोष्ट दुसरीच आहे.

तबकडीची शिस्त

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन बसला आणि गौहर जान त्याच्या कर्ण्यात गायल्या. गाणे संपल्यावर त्या आपले नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना लेबल कोणाचे लावायचे ते कळावे, म्हणून ही सोय. त्या काळच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर उलगडणारा राग या तीन मिनिटांत बसवण्याची कला आपल्या गायकांनी मग कमावली. केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांच्या आसपासची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. तीही त्याच मर्यादेतून घडलेली.

१९४८ साली लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि तीन मिनिटांची वीस-बावीस झाली. पण संपणे तसेच राहिले. बाजू संपली की सुई लेबलाजवळच्या रिकाम्या चरीत खर्र-खर्र करत बसते. कोणीतरी उठून ती उचलावी लागते. दुसरी बाजू लावायची की नाही, ते ठरवावे लागते.

या सक्तीत आणखीही काही गोष्टी आपोआप येत. रेकॉर्ड प्लेअर एका जागी असे, त्यामुळे गाणे ऐकायला घरी, त्या खोलीत यावे लागे. ती खोली रस्त्यापेक्षा आणि आगगाडीपेक्षा शांत असे, त्यामुळे आवाज फार वाढवावा लागत नसे. आवाज खोलीतल्या हवेतून येई, कानाच्या भोकात घट्ट बसवलेल्या बोंडातून नव्हे. आणि तो सगळ्यांना ऐकू येई. जास्त मोठा झाला तर आजी ओरडे, शेजारी भिंत ठोके. डॉक्टरांनी न लिहून दिलेले हे पथ्य घरोघर पाळले जाई.

अर्थात रेकॉर्ड ऐकणाऱ्याचा कान आपोआप सुरक्षित असतो, असा याचा अर्थ नाही. मोठ्या स्पीकरसमोर बसून ॲम्प्लिफायरची कळ पूर्ण फिरवली तर कानाला रेकॉर्डची आणि मोबाइलची ओळख पटत नाही. पडद्यावर येऊन आदळणारा दाब तेवढा त्याला समजतो. फरक इतकाच की रेकॉर्डच्या रचनेत थांबण्याची जागा होती. स्ट्रीमिंगच्या रचनेत ती मुद्दाम काढून टाकली आहे. एक गाणे संपायच्या आत दुसरे तयार असते. ऐकणाऱ्याला काही ठरवावेच लागू नये, हेच त्या सेवेचे यश मानले जाते.

कानाचा हिशेब

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा, वाटाण्याएवढा एक अवयव आहे. त्यात सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने या पेशींवरचे बारीक केस वाकतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. एका कानाला आयुष्यभरासाठी मिळालेला हा सगळा साठा आहे. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात. माणसाच्या कानात उगवत नाहीत.

मोठ्या आवाजाने पहिला घाव बहुधा ४,००० कंपनांच्या आसपास ऐकणाऱ्या पेशींवर पडतो. बोलण्यातले स्वर त्याच्या बरेच खाली असतात, त्यामुळे सुरुवातीला काही बिघडले असे वाटत नाही. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी फुसफुसणारी व्यंजने वरच्या भागात असतात. ती गळू लागली की शब्दांची टोके बोथट होतात. ‘ऐकू येते हो, पण कळत नाही’, हे वाक्य कान तपासणाऱ्या प्रत्येकाने असंख्य वेळा ऐकलेले असते. पूर्वी ते यंत्रमागाजवळ किंवा कारखान्यात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाचे वाक्य होते. आता ते महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या तोंडूनही येते.

त्याच्याही आधी काही तरी बिघडत असावे. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची ऐकण्याची चाचणी पूर्ववत आली. पण कान उघडून पाहिला तेव्हा वरच्या कंपनांच्या भागात केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे निम्मे सांधे कायमचे गेलेले होते. चाचणीत कान ठीक आणि आतून पोखरलेला, अशी ही अवस्था आहे. माणसात तिचे प्रमाण किती, यावर अभ्यास चालू आहेत. मैफलीतून किंवा मिरवणुकीतून आल्यावर कानाला दडा बसला आणि सकाळी मोकळा झाला, म्हणजे सगळे भरून आले, असे मानणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

आता आकड्यांकडे. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची जी मर्यादा सांगितली आहे, ती प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. लहान मुलांसाठी तेवढ्याच वेळाला ७५. डेसिबलची मोजपट्टी साधी वाटते, पण फसवी आहे. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८० ला ४० तास, तर ८३ ला २०, ८६ ला १०. ९० डेसिबलवर आठवड्याला जेमतेम चार तास उरतात. १०० डेसिबलवर आठवड्याला अवघी वीसेक मिनिटे. मोबाइल आणि इअरफोनची बहुतेक जोडी पूर्ण आवाजावर १०० पर्यंत सहज पोहोचते.

बदलापूरहून मुंबईला लोकलने जाणाऱ्या एखाद्या तरुणाचा हिशेब मांडून पाहावा. जायला दीड तास, यायला दीड तास. गाडीचा खडखडाट, दारातला वारा, फलाटावरच्या घोषणा. या सगळ्यावर गाण्याला मात करायची तर आवाज ९० च्या घरात न्यावाच लागतो. सोमवारी तीन तास झाले. मंगळवारी सकाळी कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत त्याच्या आठवड्याची शिधापत्रिका संपलेली असते. मंगळवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतचे सगळे ऐकणे उधारीवर चालते. त्यातच गणपतीच्या दिवसांत स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणे आले, लग्नाच्या वरातीतला डीजे आला. कान या साऱ्याची एकच खातेवही ठेवतो. गाणे भक्तीचे होते की बाजारू, रागदारी होती की रिमिक्स, हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ वयोगटातल्या १०० कोटींहून अधिक लोकांना असुरक्षित ऐकण्यामुळे श्रवणदोषाचा धोका आहे. याची किंमत कानापुरती राहत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी कारणे सांगितली आहेत, त्यांत मध्यम वयातल्या श्रवणदोषाला मोठे स्थान आहे. न ऐकणारा माणूस आधी चारचौघांत बोलणे सोडतो, मग चारचौघांत जाणे सोडतो. एकटेपणाची सुरुवात पुष्कळदा कानापासून होते.

मधली शांतता

संगीताचा शरीरावर परिणाम होतो, याबद्दल भरपूर लिहिले जाते आणि त्यातले बरेचसे फुगवून लिहिले जाते. अमुक राग रक्तदाबाला, तमुक मधुमेहाला, असे तक्ते मोबाइलवर फिरत असतात. ते वाचून कोणी गोळ्या बंद करू नयेत. शस्त्रक्रियेच्या आधी संगीत ऐकल्याने रुग्णांची भीती काही प्रमाणात कमी होते, एवढे अनेक अभ्यास एकत्र पाहून म्हणता येते, आणि ते कमी मोलाचे नाही.

या संदर्भात इटलीतला एक छोटा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २४ जणांना, त्यांत निम्मे संगीतकार, वेगवेगळ्या प्रकारचे संगीत ऐकवले. पाश्चात्त्य अभिजात होते, रॅप होते, टेक्नो होते आणि भारतीय रागसंगीतही होते. जलद लयीने श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले. संगीताच्या प्रकारापेक्षा आणि ऐकणाऱ्याच्या आवडीनिवडीपेक्षा लयीचा परिणाम अधिक दिसला. पण खरी मौज पुढे आहे. संशोधकांनी मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या दोन मिनिटांत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्याच्या आधीपेक्षाही खाली आले. ‘हार्ट’ या नियतकालिकात २००६ साली हा अभ्यास छापून आला. २४ जणांच्या प्रयोगावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी शरीर संगीताइतकेच त्याच्या नंतरच्या शांततेलाही उत्तर देते, एवढी खूण त्यातून मिळते.

गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ही गोष्ट प्रयोगाशिवायही माहीत आहे. समेवर आल्यावरचा तो क्षण, तानपुऱ्याचा विरत जाणारा झंकार, आणि मग कोणीच काही न बोलण्याचे दोन श्वास. रेकॉर्डची बाजू संपल्यावर हे दोन श्वास मिळत. न थांबणाऱ्या यादीत पुढचे गाणे ते गिळून टाकते. झोपताना इअरफोन लावून यादी रात्रभर चालू ठेवणाऱ्याच्या कानाला तर चोवीस तासांतली उरलीसुरली विश्रांतीही मिळत नाही.

स्ट्रीमिंगची बाजू

एवढे सारे ऐकून मोबाइल फेकून ग्रामोफोन विकत घ्यावा, असे कोणाला वाटले तर ते चूक होईल. रेकॉर्डच्या काळाचे कौतुक करताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते. तो काळ सगळ्यांचा नव्हता. ग्रामोफोन असलेली घरे मोजकी असत. बाकीच्यांनी वाड्याच्या खिडकीखाली उभे राहून ऐकले, नाहीतर इराण्याच्या हॉटेलात ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकून. आज गडचिरोलीतल्या एखाद्या शाळकरी मुलीला अब्दुल करीम खाँसाहेबांचा किंवा हिराबाई बडोदेकरांचा आवाज ऐकायचा असेल तर साधा मोबाइल पुरतो. अंथरुणाला खिळलेला रुग्ण, दृष्टिहीन माणूस, परदेशात एकट्या पडलेल्या आजी, यांच्यासाठी स्ट्रीमिंग हे वरदान आहे. रेकॉर्डची आजची फॅशन मात्र खिसा बघून चालते. एका नव्या रेकॉर्डच्या किमतीत कित्येक महिन्यांचे स्ट्रीमिंग होते.

शिवाय ग्रामोफोनला जे कधी जमले नसते ते मोबाइलला जमते. आठवडाभरात कानाने किती आवाज झेलला, याचा हिशेब आज अनेक फोन ठेवतात. ठरावीक मर्यादेपुढे आवाज जाऊच नये, असे कुलूपही लावता येते. बाहेरचा गोंगाट कमी करणारे हेडफोन असतील तर प्रवासात आवाज वाढवण्याची गरज कमी होते. या सोयी यंत्रात आहेत, पण सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पानात दडलेल्या. पुढचे गाणे आपोआप लावण्याची सोय मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते. त्यांची अदलाबदल व्हायला हवी. आवाजाची मर्यादा खरेदीच्या वेळीच चालू असावी आणि ज्याला ती नको असेल त्याने शोधून बंद करावी, अशी मागणी ग्राहकांनी आणि सरकारने कंपन्यांकडे केली पाहिजे. गाडीतला सीटबेल्ट कोणी ‘पर्याय’ म्हणून डिकीत ठेवत नाही.

काय करावे

रेकॉर्डची शिस्त मोबाइलवर आणता येते. त्याला खर्च नाही. आवाज पूर्ण क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या खाली ठेवावा. हातभर अंतरावरच्या माणसाचे बोलणे इअरफोन लावून ऐकू येत नसेल, किंवा शेजारी बसलेल्याला ते गाणे ऐकू जात असेल, तर आवाज जास्त आहे. गोंगाटात गाण्याचा आवाज चढवण्यापेक्षा तेवढा वेळ गाणे बंद ठेवावे. पुढचे गाणे आपोआप लागण्याची सोय बंद करावी. एखादा राग, एखादे नाटक, एखाद्या गायकाची चार गाणी असे ठरवून वीस-बावीस मिनिटे ऐकावे आणि मग कानाला पाच-दहा मिनिटे सुट्टी द्यावी. घरात असताना शक्यतो स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू येईल असे लावावे. त्यात भांडणे होतील, कोणाला काय ऐकायचे यावरून. ती भांडणे तब्येतीला चांगली असतात.

झोपताना आणि रस्ता ओलांडताना इअरफोन काढावेत, हे सांगायला नकोच. लहान मुलांच्या फोनला आवाजाची मर्यादा आईवडिलांनी स्वतः लावून द्यावी आणि त्याच हाताने आपल्याही फोनला लावावी.

कानात शिट्टी किंवा गुणगुण दोन-चार दिवसांहून जास्त राहिली, गर्दीत बोलणे कळेनासे झाले, टीव्हीचा आवाज घरच्यांपेक्षा आपल्यालाच जास्त लागू लागला, तर तपासणी करून घ्यावी. कानात गरम तेल घालू नये, काडी घालू नये. एखाद्या कानाने एकाएकी, तास-दोन तासांत किंवा झोपेतून उठल्यावर ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून आठवडा काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण उपचार लवकर सुरू झाले तरच कान परत मिळण्याची आशा असते. ऐकण्याची तपासणी दुखत नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचे आणि बारीकसा आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून देशात सुरू आहे आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी अत्यल्प खर्चात होते.

बाकावरचा तो मुलगा आत गेला की त्याच्या कानांना हेडफोन लावले जातात. या वेळी त्यात गाणे नसते. आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि एका क्षणी त्याचे बोट बटणावरच थांबते. त्याला वाटते, आवाज संपला. काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञाला दिसत असते, आवाज अजून चालू आहे. कागदावरची रेघ ४,००० पाशी खाली खचलेली असते. ती आता वर येणार नाही. तिथून पुढे ती आणखी खचू न देणे एवढेच त्याच्या हातात उरते. घरात रेकॉर्ड वाजो की मोबाइल, अधूनमधून कोणीतरी उठून तो आवाज थांबवला पाहिजे.